आडवे ओघळ

१

रविवार उजाडला की त्या घरात चहाच्या आधी खरखर सुरू व्हायची. खाली गॅरेजमध्ये नवरा गाडी घासत असे आणि वर स्वयंपाकघरात सूनबाई ती खरखर ऐकत दूध तापवत असे. सूनबाई हे काही तिचं नाव नव्हे. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी हाक मारली ती अशी, आणि मग सासू, नवरा, शेजारीपाजारी, अगदी दूधवालासुद्धा तिला त्याच हाकेने ओळखू लागला.

गाडी सासऱ्यांची. फुगीर नाकाची, गोल दिव्यांची, आता रस्त्यावर क्वचितच दिसणारी. सासऱ्यांनी जन्मभर मनगटी घड्याळं दुरुस्त केली. घड्याळाचं झाकण उघडायला सोयीचं म्हणून उजव्या करंगळीचं नख वाढवलेलं, आणि हात असा हलका की डोळ्यातलं कुसळ काढून घ्यावं आणि पापणीला कळू नये. दुकान बंद केल्यावर या माणसाच्या डोक्यात आलं की गाडी आपणच रंगवायची. रंग मोरपंखी, सासूबाईंच्या आवडीचा. बॉनेट त्यांनी आरशासारखं केलं. पुढची दारंही बरी जमली. पण मागे मागे यावं तसतसा रंगाचा बेरंग होत गेला होता. कुठे गुठळ्या, कुठे ब्रशचे केस चिकटलेले. आणि मागचं डावं दार तर बघवत नव्हतं. ते दार रंगवता रंगवताच म्हातारबाबा गेले.

वर्षभर गाडी तशीच चादरीखाली उभी होती. मग एक दिवस सासूबाई म्हणाल्या, मला धाकट्या बहिणीकडे जायचंय, आणि जायचं तर त्याच गाडीतून, त्यांनी कबूल केलं होतं. नवऱ्याला तेवढं निमित्त पुरलं. वडिलांनी त्याला कितीदा म्हटलं होतं, सुट्टीच्या दिवशी जरा हाताखाली ये. आणि याने प्रत्येक वेळी पुढच्या रविवारावर ढकललं होतं. ते त्याला आत कुठेतरी टोचत होतं. त्याने पॉलिश पेपर आणले, पुट्टी आणली, ओळखीच्या पेंटरकडून जुनी स्प्रे गन आणि कॉम्प्रेसर आणला, आणि कामाला लागला.

त्या रविवारी खरखर मध्येच थांबली आणि त्याने खालून हाक मारली. ती पदराला हात पुसत गेली. तो मागच्या डाव्या दारापुढे उकिडवा बसला होता.

"हे ओघळ बघ," तो म्हणाला. "रंग जास्त झाला की ओघळतो, ते ठीक. पण ओघळून कुठे जाईल? खाली ना?"

दारावरचे ओघळ खाली आलेले नव्हते. हँडलपासून निघून ते आडवे गेले होते, गाडीच्या शेपटाकडे. चांगले बोटभर जाडीचे, टोकाला थेंब धरून सुकलेले.

"बाबांनी गाडी उभी केली होती की काय, भिंतीला टेकून?" असं म्हणून तो हसला.

तीही हसली, कारण हसायला हवं होतं. गाडीचं नाक भिंतीकडे होतं. ओघळ ज्या दिशेला गेले होते त्या दिशेला शटर होतं.

२

त्या दिवशी काय झालं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे त्यांना तसं वाटत होतं.

दुपार होती. नवरा कामावर, सासूबाई दवाखान्यात पाय दाखवायला गेलेल्या. घरात सूनबाई आणि तिची तेव्हा तान्ही असलेली मुलगी. पोरीला दात येत होते. आदल्या रात्रीपासून डोळ्याला डोळा नव्हता, ना तिच्या ना आईच्या. आणि खालून, शटरमधून, रंगाचा वास अंगणातल्या जिन्यावरून वर येत होता, नाकात जाऊन डोक्यात बसणारा. कशीबशी पोर झोपली. पाळण्याची दोरी सोडून सूनबाई उठली, पाऊल न वाजवता खाली गेली.

गॅरेजचं शटर म्हातारं होतं. त्याची स्प्रिंग गेलेली, त्यामुळे ते वर टिकत नसे. सासरे त्याला लाकडाचा टेकू लावून ठेवत. आतल्या बाजूची मूठ केव्हाच तुटली होती. सासरे पाठमोरे होते, कानाने थोडे कमी, आणि दाराला रंग लावताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होते. तिने मनात म्हटलं, अर्धा तास. पोरीचा एक डोळा लागू दे, मग उघडते. टेकू काढला आणि शटर आवाज न करता हळूच खाली आणलं.

अर्ध्या तासासाठी ती पोरीशेजारी आडवी झाली.

झोपेत का जागेपणी, पण तिने खालून थापा ऐकल्या होत्या. दोन. पत्र्यावर उघड्या तळव्याने मारल्यासारख्या. ऐकून तिला वाटलं, म्हातारबाबा पोचा काढतायत, आता पोर उठेल. पोर उठली नाही. मग तीही उठली नाही.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, हृदय. आधीपासून दुखणं होतं, वासाने थोडी भर घातली असेल, पण केव्हा ना केव्हा हे व्हायचंच होतं. धूळ बसू नये म्हणून त्यांनीच शटर ओढून घेतलं असणार, असं कुणीतरी म्हणालं, आणि बाकीच्यांनी मान डोलावली. ती गप्प राहिली. पहिल्या दिवशी बोलली नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बोलता आलं नाही, आणि मग बोलायची वेळच निघून गेली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनातलं चांदणं वर्षभर मावळलं नव्हतं. त्यामुळे रंगाचे चार ओघळ बघून काळजात धस्स झालं, तर त्यात ओघळांचा काय दोष, असं तिने स्वतःला समजावलं. पंख्याचा वारा असेल. म्हाताऱ्याने ब्रशच आडवा ओढला असेल.

पण तिथे पंखा नव्हता, तो नवऱ्याने आत्ता आणला होता. आणि आडवा ओढलेला रंग टोकाला थेंब धरत नाही.

३

नवऱ्याने ते दार पत्र्यापर्यंत घासलं. पाणी टाकून पेपर मारला, पुट्टी भरली, पुन्हा घासली, प्रायमर दिला. तळवा फिरवला तर लोण्यावरून फिरल्यासारखा वाटावा, असं दार झालं. त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं. बायकोला बोलावून त्याने तिचा हात धरून दारावरून फिरवला. तिला हात मागे घ्यावासा वाटला, पण तिने घेतला नाही.

मग रंगाचा पहिला हात दिला. पातळ, लांबून, पेंटरने शिकवला होता तसा. तो झाल्यावर तिने स्वतः निरखून पाहिलं. दार ओलं, चकचकीत, आणि एकसारखं होतं. तिचा जीव भांड्यात पडला. त्या दुपारी कितीतरी दिवसांनी ती पोरीबरोबर पत्त्यांचा बंगला बांधत बसली.

संध्याकाळी नवरा खाली गेला आणि लगेच वर आला. खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडू लागला. त्याच्या पायात बूट नव्हतेच, चपला होत्या.

"पुन्हा आलेत," तो म्हणाला.

तिने काय ते विचारलं नाही.

४

त्याने सगळं करून पाहिलं. रंगात थिनर कमी घातलं, जास्त घातलं. पंखा बंद ठेवला. गाडीखाली जमीन उतरती आहे का म्हणून गोटी सोडून पाहिली. गोटी जागच्या जागी राहिली. पेंटर एकदा येऊन गेला. त्याने दाराला नाक लावलं, ओघळावर नख मारलं, आणि रंगाच्या डब्यात भेसळ असेल असं सांगून डोकं खाजवत निघून गेला. नवा डबा आणला, तरी ओघळ आले. हँडलपासून निघायचे आणि शटरच्या बाजूला जायचे. जणू त्या दारापुरती जमीन पायाखाली नव्हती, शटरच्या बाजूला होती.

शेवटी त्याच्या डोक्यात आलं, गाडीच फिरवून बघू. इंजिन चालू होत नव्हतं, म्हणून त्याने आणि तिने मिळून गाडी बाहेर ढकलली, अंगणात वळवली आणि उलटी आत घातली. आता शेपूट भिंतीकडे आणि नाक शटरकडे. सासूबाई वरच्या कठड्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, त्यांनाही असंच लागायचं, निघायच्या बाजूला तोंड करून; रंगवायला घेतली तेव्हाच काय ती उलटी लावली होती.

नवऱ्याने दार पुन्हा घासलं, पुन्हा रंगवलं.

या वेळी ती वाट बघत तिथेच बसली. जुन्या स्टुलावर, भिंतीला पाठ लावून, दाराकडे टक लावून. नवरा गन धुवायला मागच्या नळावर गेला होता. रंग शांत होता. मग हँडलच्या खाली तो किंचित फुगला, घाम सुटावा तसा. एक थेंब धरला. खाली यायला हवा होता, आला नाही. घटकाभर तिथेच थरथरला आणि पुढे निघाला, गाडीच्या नाकाकडे, शटरकडे. अगदी सावकाश, काळोखात भिंत चाचपत जाणाऱ्या माणसासारखा.

तिने उठून बोटाने तो पुसला. पुसताना तिच्या तोंडून हलकेच निघून गेलं, "बाबा, पुरे."

५

आता नवरा हट्टाला पेटला. तो मुळात हट्टी माणूस नव्हता; पण वडिलांचं एक काम नीट करायला घ्यावं आणि तेही हातून होऊ नये, हे त्याला सहन होईना. जेवताना तो घास हातात धरून दाराचाच विचार करत बसे. सासूबाई एकदा म्हणाल्या की अरे, ओघळ असू देत, मी काही गाडी बघायला जात नाहीये, बहिणीला बघायला जातेय.

शनिवारी त्याने जाहीर केलं की हे सगळं वाऱ्याचं काम आहे. शटरमधून झोत येतो, भिंतीला आपटून परत फिरतो, रंगाला ओढून नेतो. शटर पूर्ण बंद करून रंगवायचं, की सुंठीवाचून खोकला गेला.

"बंद करून नाही," सूनबाई म्हणाली.

"मास्क आहे की."

"मास्क असला तरी नाही."

"अगं, तू बाहेर बस ना," तो समजुतीने म्हणाला. "आतून उघडत नाही ते मला ठाऊक आहे. माझं झालं की मी दोन थापा मारीन. तू उघड."

तिच्या हातातलं पातेलं ओट्यावर टेकलं ते जरा जोरात टेकलं. सासूबाईंनी मान वर केली. दोन थापा. असंख्य आकड्यांतून त्याला हाच कसा सुचला? तिने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्याला काहीच माहीत नव्हतं. तो फक्त थकलेला होता आणि त्याच्या कानाच्या पाळीला रंग लागला होता.

पुष्कळ हुज्जत घालून अखेर तडजोड झाली. शटर खाली घ्यायचं, पण टेकवायचं विटेवर. तेवढी वीतभर फट राहील. आणि ती बाहेर बसेल, काही झालं तरी उठणार नाही.

६

रविवारी दुपारी ऊन अंगणात पसरलं होतं. नवऱ्याने शटर विटेवर टेकवलं आणि आत कॉम्प्रेसर घरघरू लागला. सूनबाई फटीशेजारी स्टूल टाकून भाजी निवडत बसली. गनचा फुसकारा येत होता, थांबत होता, येत होता. थोड्या वेळाने वरून पोरीचं रडणं आलं. पडली होती, गुडघा फुटला होता. सासूबाईंचे पाय असे की त्यांना वाकवत नव्हतं. सूनबाई उठणार नव्हती, पण उठली. धावत वर गेली, गुडघा धुतला, फुंकर घातली, आणि तशीच धावत खाली आली.

शटर होतं तसंच होतं. विटेवर टेकलेलं. आत काम चालू होतं. तिने नि:श्वास सोडला आणि पुन्हा भाजी पुढ्यात ओढली.

बराच वेळ गेल्यावर तिच्या ध्यानात आलं की कॉम्प्रेसरची घरघर नाही. फुसकाराही नाही. आतून येत होता तो ब्रशचा आवाज. ओला, सावकाश, लावला, ओढला, डब्याच्या काठाला निथळला. तिला वाटलं, गनला कंटाळून याने वडिलांसारखा ब्रशच घेतला हातात. आणि का कोण जाणे, त्या आवाजाने तिला भरून आलं. वर्षभर जे घशाशी अडकलं होतं ते आता बोलता येईल असं वाटलं. मध्ये पत्रा होता, त्याचा चेहरा दिसत नव्हता. यापेक्षा सोपं कधी होणार नव्हतं.

"ऐकतोयस का?" ती म्हणाली. "मला एक सांगायचंय. त्या दिवशी शटर..."

ब्रश थांबला.

आत कुणीतरी ऐकत होतं. ऐकणाऱ्या माणसाची शांतता वेगळी असते. ती पत्र्यातूनही जाणवते. तिने पुढचा शब्द जुळवला. तेवढ्यात अंगणाच्या फाटकाशी स्कूटर येऊन थांबली.

नवरा होता. हातात थिनरचा डबा. ती वर गेलेली असताना संपलं म्हणून आणायला गेला होता. स्कूटर स्टँडवर लावत तो तिथूनच म्हणाला, "अगं, दुकान बंद होतं, लांबच्या दुकानात जावं लागलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. आणि मग, बघायचं नव्हतं तरी, फटीकडे बघितलं.

विटेच्या बाजूला, शटरच्या कडेखालून, आतून बोटं बाहेर आली होती. शटर उचलायला माणूस धरतो तशी. सुरकुतलेली, मोरपंखी रंगाने माखलेली. करंगळीचं नख वाढवलेलं होतं.

पुढे जे झालं ते तिने ठरवून केलं नाही. ते तिच्या हातांना पाठ होतं. पायाने वीट सरकली, दोन्ही हात शटरवर पडले आणि ते खाली गेलं, आवाज न करता, हळूच, झोपलेल्या पोरीने जागं होऊ नये असं. मग ती त्यावर भार टाकून उभी राहिली.

आतून दोन थापा पडल्या.

नवरा अंगणाच्या मध्यावर थबकला होता. थापा त्यानेही ऐकल्या होत्या. पण तो शटरकडे बघत नव्हता. तो तिच्या हातांकडे बघत होता. टेकू काढायचा कसा, शटर वाजू न देता आणायचं कसं, हे तो स्वतः लहानपणापासून करत आलेला; हिला ते इतकं सफाईने कधी जमलं, हे त्याच्या चेहऱ्यावर एकेक करून उमटत गेलं.

"आत कोण आहे?" त्याने विचारलं.

तिने शटरवरून हात काढला नाही.

त्याने डबा खाली ठेवला, तिला खांद्याला धरून बाजूला केलं आणि शटर वर उचललं. आत कुणी नव्हतं. कॉम्प्रेसर बंद, गन खुंटीला. मागचं डावं दार ओलं होतं, नुकतंच रंगवलेलं, आणि त्यावर एकही ओघळ नव्हता. इतकं सुरेख काम नवऱ्याच्या हातून सात जन्मांत झालं नसतं. त्याने बराच वेळ दाराकडे पाहिलं. मग वळून न बघताच विचारलं.

"तेव्हाही तूच?"

"पोर झोपली होती," ती म्हणाली.

तो शटर तसंच डोक्यावर तोलून धरून उभा राहिला, हात भरून येईपर्यंत. वरून सासूबाईंनी विचारलं की कसला आवाज झाला रे, आणि त्याने स्वच्छ आवाजात उत्तर दिलं, "काही नाही आई, वीट पडली." खोटं बोलताना त्याचा आवाज किती सरळ लागतो, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

७

पेंटरच्या ओळखीच्या मेकॅनिकने इंजिन चालू करून दिलं, आणि सासूबाई ठरल्याप्रमाणे बहिणीकडे निघाल्या. इस्त्रीचं पातळ नेसून पुढे बसल्या, मांडीवर पिशवी घेऊन. नवरा गाडी चालवत होता. त्या रविवारपासून तो बायकोशी वाईट वागला नव्हता. मीठ दे, टॉवेल कुठे आहे, सगळं बोलत होता. फक्त ती खोलीत आली की तो दाराकडची जागा धरून बसे.

सूनबाई मागे, उजव्या खिडकीशी. मांडीवर पोर, फुटल्या गुडघ्यावरची खपली खरवडत. डाव्या खिडकीशी कुणी नव्हतं. सासूबाईंची दुसरी पिशवी तिथे ठेवायला ती वळली होती, पण मग पायाशीच ठेवली.

गाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी रानं लागली. सासूबाई खुशीत होत्या, बहिणीच्या लहानपणीच्या खोड्या सांगत होत्या. दोघी पेरू चोरायला गेल्या आणि झाडावरच झोपून गेल्या, ती गोष्ट. नवराही मध्येच हसला. गाडी म्हातारी असली तरी ठेक्यात चालली होती आणि नव्या रंगाचा वास आत कोंडला होता, किंचित गोडसर.

सांगता सांगता सासूबाई थांबल्या. डोकं जरासं तिरकं केलं, मागून कुणी हळू आवाजात काही सांगावं आणि ते नीट ऐकून घ्यावं, तसं.

"सूनबाई," मान न वळवता त्या म्हणाल्या, "त्या बाजूची काच खाली कर गं. त्यांना कोंडल्यासारखं होतंय."

नवऱ्याचे डोळे आरशात आले. आरशातून त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या शेजारी पाहिलं, आणि मग पुन्हा रस्त्याकडे. म्हातारीच्या तोंडची जन्माची सवय, असं म्हणता आलं असतं. कुणी म्हटलं नाही.

सूनबाईने पोरीला एका हाताने घट्ट धरलं आणि दुसरा हात त्या रिकाम्या जागेवरून लांब केला. काचेची मूठ जड होती. तिने ती फिरवली, पुन्हा फिरवली, काच खाली गेली आणि रानातलं वारं भसकन आत आलं.

मग हात मागे घेताना तो वाटेत कशाला लागू नये म्हणून तिने तो उंच धरला, फार उंच, आणि श्वास रोखून आपल्याशी ओढून घेतला.